आजोबांची वाटी आणि सोनेरी शिक्का

"ठरलं तर! उद्या सकाळी सातपासून आजोबांवर पाळत ठेवायची!" पेन्सिल म्हणाली आणि तिनं जिन्याच्या पायरीवर मूठ आपटली. मूठ चांगलीच लागली. तिनं ती गुपचूप पाठीमागे नेऊन चोळली.

"कोणाच्या आजोबांवर?" भोंग्यानं विचारलं.

"माझ्याच!"

"स्वतःच्या आजोबांवर?" भोंग्याचा आवाज चारही मजले फिरून परत आला.

"अरे, हळू बोल ना!"

"हळूच बोलतोय!" भोंगा म्हणाला, आणि बिचारा खरंच हळू बोलत होता. देवानं त्याच्या गळ्यात घंटाच बसवली होती, त्याला तो काय करणार! तो तिसऱ्या मजल्यावर राहायचा. त्याच्या शेजारच्या पायरीवर गुडघ्यावर वही ठेवून बसलेली मुलगी म्हणजे शंका. खाली औषधाचं दुकान होतं, ते तिच्या बाबांचं. तिला प्रत्येक गोष्टीत शंका यायची, म्हणून शाळेत बाईंनीच तिचं हे नाव पाडलं होतं.

आणि पेन्सिल? ती लांब, बारीक आणि जरा टोकदार. या इमारतीत ती फक्त सुट्टीपुरती आली होती. तिचे बाबा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचे आणि आईला इस्पितळात दिवसपाळी, रातपाळी दोन्ही असायच्या. म्हणून सुट्टी लागली की पेन्सिलची बॅग भरली जायची आणि ती काकांकडे यायची.

"पण पाळत का?" शंकानं विचारलं.

पेन्सिलनं जिन्यात कोणी नाही ना, ते वाकून पाहिलं. मग म्हणाली, "रविवारी आजोबांना शहराबाहेरच्या वृद्धनिवासात नेऊन ठेवणार आहेत. कायमचं. त्यांची शुगर खूप वाढलीय आणि काका म्हणतात, ते चोरून गोड खातात. तिथे चोवीस तास माणसं लक्ष ठेवतात म्हणे."

"खातात का चोरून?"

"ते म्हणतात, नाही."

"मग?"

"काकांना त्यांच्या कोटाच्या खिशात चॉकलेटचे दोन कागद सापडले." पेन्सिलनं मान खाली घातली. "ते माझे होते. बागेत मी खाल्ली आणि कागद त्यांच्या हातात दिले. ते कचरा कधी टाकत नाहीत ना इकडेतिकडे. मी काकूला सांगितलं, तर तिनं माझा गाल कुरवाळला. म्हणाली, आजोबांना वाचवतेस होय? गुणाची गं पोर!"

खरं बोलावं आणि ऐकणाऱ्यानं त्याचं कौतुक करून ते बाजूला ठेवून द्यावं, यापेक्षा एकटं वाटायला लावणारं दुसरं काय असतं? पेन्सिलला त्या रात्री झोप आली नव्हती. कारण काल आजोबा काकांना एवढंच म्हणाले होते, "मला पाठवायचं तर पाठव. पण लबाड म्हणून पाठवू नकोस रे."

"आपण दिवसभर एक क्षण नजर हलवायची नाही," पेन्सिल म्हणाली. "खाताना दिसले तर काका खरे. नाही दिसले तर..."

"तर साखर येते कुठून?" शंकानं वाक्य पुरं केलं आणि ते वहीत लिहूनही टाकलं.

गुरुवारी सकाळी सव्वासातला काका आणि काकू नेहमीसारखे निघाले. काकू बुटात पाय घालता घालता ओरडली, "बाबा, वाटी भरून ठेवलीय हं! दूध ओतून घ्या! पेन्सिल, तूही खा!" दार लागलं. लिफ्ट खाली गेल्याचा घरघराट झाला, मग तोही थांबला.

घर असं एकदम रिकामं व्हायचं. फ्रिज गुणगुणायचा. भिंतीवरचं घड्याळ एक एक सेकंद मोजून टाकायचं. लांब टेबलाच्या एका टोकाला आजोबा बसायचे, दुसऱ्या टोकाला पेन्सिल आणि मधे सीरियलचा मोठ्ठा खोका. खोक्यावर एक चित्र होतं. आई, बाबा आणि दोन मुलं, चौघंही टेबलाशी बसून दात दाखवून हसत होती. ते चौघं रोज हसायचे आणि हे दोघं रोज मुकाट खायचे. आजोबांना बोलावंसं वाटत नसे असं नाही. आजी गेल्यापासून त्यांची बोलायची सवयच मोडली होती. आणि पेन्सिलला सुरुवात कुठून करायची ते कळत नसे. कुर्रम कुर्रम, एवढाच काय तो संवाद.

आज मात्र पेन्सिल चमच्याआडून टक लावून पाहत होती. आजोबांनी वाटीतला कण न् कण संपवला, वाटी धुऊन पालथी घातली, कोट चढवला आणि ते बाहेर पडले.

दहा पावलं मागे तिघं! कधी झाडाआड, कधी उभ्या गाडीआड. आजोबा बागेत गेले आणि एका बाकावर बसले. बाकाची उरलेली जागा रिकामीच राहिली. अर्धा तास कोणी आलं नाही, कोणी बोललं नाही. एकदा एक कुत्रा येऊन हुंगून गेला, तेव्हा आजोबांनी त्याला नमस्कार केला.

"बाप रे, किती कंटाळवाणं!" भोंगा म्हणाला.

पेन्सिलला कंटाळवाणं वाटलं नाही. ती बाकावरच्या त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली. तिला वाटायचं, या घरात एकटी आपणच.

तेवढ्यात आजोबा उठले, कोपऱ्यावर वळले आणि थेट बेकरीत शिरले!

"गेले!" भोंग्यानं कपाळावर हात मारला. "केक! पेस्ट्री! खल्लास!"

तिघं काचेला नाकं लावून उभे राहिले. आजोबा आत काउंटरपाशी वाकून काहीतरी पाहत होते. मग बेकरीवाल्याला काही म्हणाले. बेकरीवाला हसला, त्यानं हात जोडले. आजोबा रिकाम्या हातांनी बाहेर आले, कोपऱ्यापर्यंत चालत गेले आणि एकदम गर्रकन मागे वळले.

"पाळत ठेवायची तर बूट वाजवू नयेत," ते म्हणाले. "आणि घंटा बरोबर आणू नये." हे भोंग्याकडे बघून.

तिघांचे चेहरे पडले.

"तुम्ही... बेकरीत..." पेन्सिल चाचरली.

"त्याचा काटा बघायला गेलो होतो. वजनकाट्यावर काही ठेवलेलं नसताना तो सात ग्रॅम दाखवतो. रोज सांगतो त्याला, बाबा रे, शून्यावर आण. तो रोज म्हणतो, उद्या आणतो."

आजोबा तीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानादुकानांतली वजनं तपासायची आणि बरोबर असलेल्यावर सरकारी शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. त्यांच्या हाताखालून चुकीचं एक मापसुद्धा सुटत नसे, असं पेन्सिलचे बाबा नेहमी सांगायचे.

पेन्सिलनं सगळं सांगून टाकलं. रडली नाही, पण आवाज बारीक झाला. आजोबांनी ऐकून घेतलं आणि त्यांच्या डोळ्यांत पहिल्यांदा काहीतरी चमकलं.

"म्हणजे माझी तपासणी! बरोबर आहे. मी इतक्यांची केली, माझी कोणी तरी करायलाच हवी. पण तपासणी करायची तर नीट करा. अंदाजपंचे चालणार नाही!"

मग काय विचारता! शंका धावत दुकानात गेली आणि बाबांना विचारून आजोबांच्या शुगर मोजायच्या मशीनसाठी पट्ट्या घेऊन घरी आली. आज नाश्त्याला दोन तास होत आले होते. आजोबांनी स्वतःच बोटाला टोचलं. मशीननं विचार केला आणि आकडा दाखवला: दोनशे एकोणपन्नास!

"बापरे!" भोंगा म्हणाला.

"पण ते सकाळपासून आमच्या डोळ्यांसमोर आहेत!" पेन्सिल ओरडली. "मी जेवणाच्या टेबलापासून बघतेय! काहीही खाल्लं नाही!"

"काहीही?" शंकानं डोळे बारीक केले.

"काहीही! नाश्ता सोडून!"

तिघांनीही एकदम टेबलावरच्या खोक्याकडे पाहिलं. आजोबांनीही.

शुक्रवारी उपाशीपोटी मोजलं तर एकशे एकवीस. नाश्त्यानंतर दोन तासांनी पुन्हा दोनशे चव्वेचाळीस! चोर घरातच होता, तोही टेबलाच्या मधोमध.

"पण यावर तर लिहिलंय," पेन्सिलनं खोका जवळ ओढला. "'पांढरी साखर अजिबात नाही! तंतुमय! पौष्टिक!' आणि हा बघ, शिक्का." खोक्याच्या कोपऱ्यात सोनेरी गोल होता, त्यात लाल हृदय आणि अक्षरं: हृदयाचा सखा.

"तो शिक्का पाहूनच मी निश्चिंत झालो होतो," आजोबा म्हणाले. "शिक्का आहे म्हणजे कोणी तरी तपासलंय. आयुष्यभर मीच शिक्के मारले ना. माझा त्यावर विश्वास."

"शिक्का मारला कोणी?" शंकानं विचारलं.

आजोबांनी कपाटातून भिंग आणलं. खोक्याच्या तळाशी, घडीच्या आत, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: हे चिन्ह उत्पादकाचे स्वतःचे आहे.

आजोबा सावकाश खुर्चीत बसले.

"दुकानदारानं स्वतःच्या वजनावर स्वतःच शिक्का मारला, तर आम्ही काय करायचो ठाऊक आहे?" ते म्हणाले. "जप्त करायचो. आणि मी मात्र चार महिने रोज सकाळी हे चिन्ह पाहून मान डोलावत होतो!"

"आजोबा, मागची बाजू," शंका म्हणाली. तिनं वाचायला सुरुवात केली. "ओट्स, गव्हाचा कोंडा, मध, ग्लुकोज सिरप, खजुराचा पाक, सुकवलेला उसाचा रस, माल्टचा अर्क."

"थांब, थांब!" भोंगा गरजला. "मध गोड, सिरप गोड, पाक गोड, उसाचा रस गोड, माल्ट गोड! एकच चोर आणि पाच टोप्या!"

"म्हणून तो यादीत पहिला दिसत नाही," पेन्सिल हळूच म्हणाली. "तुकडे करून मागे मागे उभा राहिलाय."

तक्त्यात लिहिलं होतं: एका वाटीत साखर आठ ग्रॅम.

"आठच?" भोंगा हिरमुसला. "दीड-दोन चमचे. एवढ्यानं काय होतंय?"

आता आजोबा उठले. त्यांच्या पलंगाखाली एक लाकडी पेटी होती. आजी गेल्यावर त्यांनी ती बंद केली होती, ती आज उघडली. आत मखमलीवर पितळी तराजू आणि एक ग्रॅमपासून पाचशे ग्रॅमपर्यंत वजनं ओळीनं निजलेली. आजोबांनी पारडी पुसली, काटा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून धरला, तेव्हा मुलांनीही धरला.

"कोणाची वाटी?" ते पुटपुटले. "अरे, आयुष्यभर दुकानदारांना हेच विचारत आलो आणि स्वतःच्या घरात विचारलं नाही! 'एक वाटी' हे काय माप झालं?"

खोक्यावरच्या तक्त्यात 'एक वाटी' होती तीस ग्रॅमची. काकू रोज भरून ठेवायची तशीच वाटी पेन्सिलनं काठोकाठ भरली आणि पारड्यात रिती केली. तीस ग्रॅम टाकले, पारडं हललं नाही. साठ. नाही. नव्वद टाकले तेव्हा कुठे दांडी सरळ होऊ लागली. वर दोन ग्रॅमचं चिमुकलं वजन टाकलं आणि काटा मधोमध थांबला.

"ब्याण्णव!" शंकानं वहीत लिहिलं. "तीनपट! म्हणजे चोवीस ग्रॅमहून जास्त साखर!"

शंकानं बोलावलं तसे तिचे बाबा दुकानातून पायऱ्या चढून वर आले. त्यांनी आकडे वाचले आणि म्हणाले, "आणि उरलेल्या पिठाचीही रक्तात साखरच होते, पोरांनो. वाटी लहान हवी आणि खोका वेगळा. सगळे खोके वाईट नसतात हं. साधे ओट्स चांगलेच. पण पुढची बाजू जाहिरात असते, मागची बाजू कबुलीजबाब." त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, गोळ्या तशाच चालू ठेवा, उद्याचा नाश्ता बदला आणि आकडा कळवा.

शनिवारी सकाळी काकू गेल्यावर आजोबांनी दोन उकडलेली अंडी आणि तोलून तीस ग्रॅम साधे ओट्स खाल्ले. त्यांना चव आवडली नाही. "पुठ्ठा शिजवलाय," म्हणाले. पण सगळं संपवलं. दोन तासांनी मशीनचा आकडा बघून भोंग्यानं अशी आरोळी ठोकली की दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी दार उघडून विचारलं, "आग लागली का?"

एकशे पंचावन्न!

रविवारी दाराशी आजोबांची बॅग उभी होती. फार मोठी नव्हती. काका दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होते आणि आजोबांकडे बघत नव्हते.

"काका, काकू, निघायच्या आधी नाश्ता करा," पेन्सिल म्हणाली.

"आता नको गं."

"दोन मिनिटं! नुसती वाटी भरा. खोक्यावर लिहिलंय तशी, एक वाटी."

"हा काय खेळ आहे?" काका वैतागले. पण मागे भोंगा आणि शंका उभे होते आणि भोंग्यानं तोंड उघडायची तयारी केलेली दिसताच काकांनी खोका उचलला. त्यांनी वाटी भरली. काकूनंही भरली.

पेन्सिलनं टेबलावरचा टॉवेल उचलला. खाली पितळी तराजू चकाकत होता.

"बाबांचा तराजू!" काका म्हणाले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला.

काकांची वाटी पंच्याऐंशी ग्रॅम. काकूची अठ्ठ्याहत्तर.

"आणि खोका म्हणतो, तीस," शंका म्हणाली.

मग पेन्सिलनं साखरेचा डबा आणला. एक एक चमचा करून तिनं चोवीस ग्रॅम साखर तोलली आणि काचेच्या पेल्यात ओतली. पाच चमचे! ती पांढरीशुभ्र साखर पेल्याच्या तळाशी बसून राहिली.

"काका, तुम्ही बरोबर होता," पेन्सिल म्हणाली. "आजोबा रोज साखर खात होते. ही एवढी. पण चोरून नाही. आपण वाढलेली."

काकूनं पेला हातात घेतला. "अगं, पण मी... डॉक्टरांनी सांगितलं, तंतुमय द्या. मी सगळ्यात चांगला शोधून आणला. दुपारपर्यंत एकटे असतात, पोट भरलेलं राहावं, म्हणून काठोकाठ..."

"तुझ्या मायेत खोट नव्हती, पोरी," आजोबा म्हणाले. "मापात होती."

शंकानं वही पुढं केली. तीन दिवसांचे आकडे, वेळा, वजनं, सगळं ओळीत. काकांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. शेवटची ओळ त्यांनी दोनदा वाचली. ती पेन्सिलनं लिहिली होती: चॉकलेटचे कागद माझेच होते. मी सांगितलं होतं.

काकांनी वही मिटली, दाराशी गेले, बॅग उचलली आणि आजोबांच्या खोलीत नेऊन ठेवली. परत आले ते वडिलांच्या पायाशीच बसले. "बाबा, मी तुम्हाला लबाड म्हणालो."

"म्हणालास."

"मी एकदाही तुमच्याबरोबर सकाळी बसून पाहिलं नाही, तुम्ही खाता काय ते."

आजोबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "बघितलं असतंस तरी शिक्का दिसला असता तुला. मला तरी दुसरं काय दिसलं?"

काकूनं पेन्सिलला जवळ ओढलं. "तू मला खरं सांगितलं होतंस आणि मी नुसता तुझा गाल कुरवाळला! चुकलंच माझं." मग डोळे पुसत ती भोंग्याला आणि शंकाला म्हणाली, "तुम्ही तिघांनी आमचे डोळे उघडलेत. आम्ही एवढे शिकलेसवरलेले, पण खोका उलटा करून बघायचं कोणाला सुचलं नाही!" काका म्हणाले, खोका बनवणाऱ्यांना पत्र धाडायचं आणि त्याखाली तिघांच्या सह्या हव्यात. संध्याकाळी डॉक्टरांचाही फोन आला. ते म्हणाले की असे तीन निरीक्षक त्यांच्या दवाखान्यात हवे आहेत.

पण खरी शाबासकी वेगळीच होती. आजोबांनी पेटीच्या तळातून एक जुना रबरी शिक्का काढला. शाईची गादी वाळून गेली होती. त्यांनी तिच्यावर पाण्याचे दोन थेंब टाकले, शिक्का दाबला आणि शंकाच्या वहीत शेवटच्या पानावर उमटवला. फिका जांभळा, पण सरळ: तपासले. बरोबर आढळले.

"हा मात्र कोणी तरी दुसऱ्यानं मारलेला आहे," आजोबा म्हणाले. भोंगा हसायला लागला आणि मग चारही मजल्यांना कळलं की काही तरी छान झालंय.

सोमवारी सव्वासात वाजले. लिफ्टचा घरघराट काही आला नाही. पेन्सिल टेबलाशी आली तर काका मोज्यांवरच खुर्चीत बसलेले. हातात अंडं. काय बोलावं ते त्यांना सुचत नव्हतं, हे दिसतच होतं.

"बाबा," ते शेवटी म्हणाले, "त्या बेकरीवाल्याचा काटा... आला का शून्यावर?"

आजोबांनी चमचा खाली ठेवला आणि सांगायला लागले. बेकरीवाल्यापासून सुरुवात झाली, ती वीस वर्षांपूर्वीच्या एका कोळशाच्या वखारीपर्यंत गेली. काकू एक बूट घालून तशीच बसून ऐकत राहिली. पेन्सिलनं चमचा उचलायचंही सोडलं.

दहाच मिनिटं. मग दोघांना पळावंच लागलं. दार लागलं, लिफ्ट खाली गेली, फ्रिज गुणगुणू लागला. घर पुन्हा तेवढंच मोठं आणि तेवढंच शांत झालं.

सीरियलच्या रिकाम्या खोक्यात आता आजोबांची मोठी वजनं ठेवलेली होती. त्यावरचे चौघं अजून दात दाखवून हसत होते. पेन्सिलनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि मग ती टेबल आवरायला लागली.

चार वाट्या उष्ट्या होत्या.